मचूळ

वारा उत्तरेकडून आला की आधी ओठांना कळतं,
मग दोरीवरच्या ओल्या चादरींना,
मग टाक्यांना.
मुइनाकपुढे जिथे समुद्र होता
तिथलं मीठ आता हवेतून गावात येतं,
बिनबोलावता, बिनहोडीचं.

तीन नंबरच्या टाकीत कार्पचे जिरे आहेत,
बारा दिवसांचे.
खरंच जिऱ्याएवढे: पुलावात पडले
तर शोधून सापडायचे नाहीत.
दोन डोळे, आणि ते जोडायला
जेमतेम एक रेघ.

किदिरनियाज, माझे सासरे, पाणी जिभेने मोजतात.
बोट बुडवतात, चाखतात, थुंकतात: "मचूळ."
मी नळीने मोजते.
काचेवर एक थेंब, वर झाकण, तोंड उजेडाकडे.
वर निळं, खाली पांढरं,
दोघांची शीव जिथे पडेल तो आकडा.
परवा चार होता. आज साडेसहा.
एकदा सासऱ्यांनी नळी मागून घेतली,
डोळ्याला लावली, खाली ठेवेनात.
आकडा विचारला तर म्हणाले,
"आकडा कुठला? क्षितिज दिसतंय."

मीठ वाईट, असं मी म्हणणार नाही.
नुकुसहून पिशवीतून पिल्लं आणताना
मीच चिमूटभर टाकते, प्रवास सोसतो त्यांना.
गोड्या पाण्यातला मासा आतून खारट असतो.
पाणी त्याच्यात घुसत राहतं, तो उपसत राहतो,
भोक पडलेल्या नावेतल्या माणसासारखा, जन्मभर.
बाहेर थोडं मीठ असलं की उपसा कमी.
हात मोकळा होतो. वाढतो.

पण नवाच्या पलीकडे
नाव उलटी गळू लागते.
अंगातलंच पाणी बाहेर निघून जातं.
पाण्यात राहून तहान.
मोठा मासा काही दिवस तग धरतो,
जिऱ्याला कुठलं अंग, तग धरायला?
खाल्लेला कण अंगी लागत नाही,
सगळा पहाऱ्यावर खर्च होतो.
मग खाणंही सोडतात.

कालव्याचं फाटक पोलातच्या हातात.
तो म्हणाला, कापसाची पाळी चालू आहे,
शुक्रवारी बघू.
आज सोमवार.

रोज अर्धा आकडा चढला तर
थोडंफार शिकतात म्हणे,
कल्ल्यांतली दारं उलटी फिरवायला.
एका रात्रीत तीन चढला तर नाही.
आमचंही तसंच झालं असावं.
समुद्र एकदम गेला असता
तर आम्हीही उठून गेलो असतो.
तो दर वर्षी थोडा थोडा गेला,
म्हणून आम्ही इथेच.

रात्री पावणेआठ.
घड्याळात नाही, नळीत.
जिरे भिंतीला चिकटून, पृष्ठभागावर,
तोंड उघडं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ज्यांनी ते खाल्लंच नाही,
नुसतं अंगावर आलं, त्यांनी कशाला जागावं?
आम्हीच जागे होतो.

घरामागे प्यायच्या पाण्याची टाकी आहे,
टँकर पंधरा दिवसांनी भरतो.
मी काही बोलले नव्हते.
सासऱ्यांनीच पाइप ओढून आणला,
तोंडावर अंगठा धरला,
पाणी हळू सुटावं, भिंतीकडून सुटावं म्हणून.
रिकाम्या टाकीचा आवाज
जाळ्यात काही न आलेल्या पहाटेसारखा असतो,
असं ते म्हणाले. मला ती पहाट माहीत नाही.

उजाडता आकडा साडेपाच.
चहाच्या गाळणीने मेलेले काढले. मोजले नाहीत.
उरलेले भिंत सोडून
मधे आले होते, ढगासारखे, एकाच दिशेला.

चहा विहिरीच्या पाण्याचा केला.
दुधाच्या चहात आम्ही मीठ घालतोच,
आज घातलं नाही.
सासऱ्यांनी घोट घेतला, वाडग्यात पाहिलं,
"बरोबर पडलंय," म्हणाले.

शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत.
दोरीवरची चादर
पुन्हा उत्तरेकडून फुगते आहे.